नाताळची चिठ्ठी-भेट अन् फिशपॉन्ड : या चुका टाळा

चर्चच्या मंडळीत नाताळला चिठ्ठी-भेट होते : चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. हा गमतीचा कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा चिठ्ठ्या उचलतानाच. ताटात 40 नावं टाकली, एकेकानं उचलली आणि कोणाला तरी स्वतःचंच नाव आलं. यात नशिबाचा दोष नाही, गणितच तसं आहे. अशा चिठ्ठ्या 100 वेळा उचलल्या, तर साधारण 63 वेळा निदान एकाला तरी स्वतःचं नाव येतं. माणसं 10 असोत की 60. मग तो हळूच चिठ्ठी परत टाकतो, शेजारचा डोकावतो आणि गुपित तिथंच फुटतं.

त्यापेक्षा साखळी करा. चिठ्ठ्या पिसून एका ओळीत मांडा. पहिल्यानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, शेवटच्यानं पहिल्याला. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही. नवरा-बायको लागोपाठ आले तर एकाचं नाव तीन-चार जागा पुढं सरकवा. यादी खेळात नसलेल्या एकाच माणसाकडे ठेवा, आणि ज्यानं ज्याला द्यायचं, तेवढंच नाव त्याला सांगा. ऐन वेळी एखादी बाळंतपणाला माहेरी गेली तरी घोळ होत नाही : तिला देणाऱ्यानं आता तिच्या पुढच्याला द्यायचं, साखळी पुन्हा जुळते. दोन रूथबाई असतील तर चिठ्ठीवर घर किंवा मोहल्लाही लिहा, नाहीतर एकीला दोन भेटी अन् दुसरी रिकामी.

नावं वाटायची ती 25 डिसेंबरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी. म्हणजे मधे तीन आठवडी बाजार सापडतात. कापूस वेचणीचे दिवस असतात, मजुरी बऱ्याच घरी बाजाराच्या दिवशीच हाती येते. दोन दिवस आधी नाव दिलं तर माणूस उसनवारी करतो किंवा येतच नाही. रकमेची वरची मर्यादा सगळेच ठरवतात, खालची कोणी ठरवत नाही. 50 ते 100 रुपये अशा दोन्ही बाजू सांगा. नाहीतर एकाला ब्लँकेट, एकाला साबणदाणी, अन् हसू फक्त ब्लँकेटवाल्याला.

आता फिशपॉन्ड, म्हणजे डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या स्टेजवर वाचून एकेकाची गंमत करायची अन् गमतीची भेट द्यायची. खरी जोखीम इथं आहे. डब्यातल्या चिठ्ठ्या स्टेजवर पहिल्यांदा उघडू नका. आदल्या दिवशी एक बाई अन् एक माणूस असे दोघांनी बसून सगळ्या वाचाव्यात. दोघांपैकी एकालाही खटकली ती बाद, चर्चा नाही. इफिसकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात टवाळीला सरळ नकार आहे, आणि टवाळी कोणती हे ओळखायला कसोटी सोपी आहे : माणूस जे करतो त्यावर हसा, त्याच्या वाट्याला जे आलं त्यावर नाही. ‘शेवटचा मुद्दा’ तीनदा सांगणाऱ्या पाळकसाहेबांना सेल नसलेलं घड्याळ, हे चालतं. ते स्वतःच आधी हसतात. पाच वर्षं पोरगी पाहत असलेल्या पोराला बाहुली, हे नाही. तो स्टेजवर हसतो अन् पुढच्या वर्षी त्या संध्याकाळी बरोबर ‘शेतात काम’ निघतं. रंग, कर्ज, मूलबाळ, सुटलेली दारू, सोयरिक : या पाच गोष्टी डब्याबाहेर.

गमतीच्या भेटीसोबत खरी भेट हवीच. खोक्यात खोकं, त्यात पुन्हा खोकं अन् शेवटी एक वांगं, इथवर ठीक. पण वांग्याखाली शेला नसेल तर लहान लेकरू रडतं आणि मोठं माणूस रुसतं. खोकी तीनच ठेवा. 40 जणांना दीड-दीड मिनिट धरलं तरी तास जातो, आणि थंडीत म्हातारी माणसं तेवढंही बसत नाहीत. लेकरांची नावं आधी घ्या.

बांधताना दोन घोळ नेहमीचे. जवसाची चटणी किंवा अनारसे नुसत्या चमकी कागदात बांधले की रात्रीतून तेल फुटतं, सकाळी मुंग्या. आधी झाकणाचा डबा, मग कागद. काचेचे कप एसटीनं आणायचे तर प्रत्येक कप वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर फाट्यावरच्या पहिल्या गतिरोधकाला कान तुटतात. स्टीलच्या भांड्यावरचा किमतीचा कागद निघत नसेल तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, बोटानं सुटतो. मागच्या वर्षीचा डबा पुढं सरकवायचा असेल तर सरकवा, कोणी पाप म्हणत नाही. फक्त आधी उलटा करून पाहा, बुडावर मूळ देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं अन् तो नेमका पुढच्याच सतरंजीवर बसलेला असतो.

पुण्या-नागपूरहून सुटीवर आलेले पाहुणे यादीत नसतात. त्यांच्यासाठी तीन-चार दुपट्टे किंवा पंचे बांधून वेगळ्या पिशवीत ठेवा, वर नाव न घालता. उरले तर पुढच्या वर्षी कामी येतात.