मोटरच्या फ्रेमचं व्हायब्रेशन प्रीपोमॅक्समध्ये कसं तपासायचं

मोटर चालू केली की फ्रेम थरथरते, बेअरिंग बदलून झालं, अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग करून आणलं तरी थरथर तीच, अशा वेळी बऱ्याचदा फ्रेमची स्वतःची नॅचरल फ्रिक्वेन्सी (ठोका दिल्यावर ती स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा हलते तो आकडा) मोटरच्या स्पीडवर येऊन बसलेली असते. १४४० आरपीएमची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ, सेकंदाला २४ फेरे, हा आकडा डोक्यात ठेवा. हे तपासायला महागडं लायसन्स लागत नाही, प्रीपोमॅक्स हे मॉडेलचे छोटे तुकडे करून हिशोब करणारं (फायनाइट एलिमेंट) सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि आत हिशोब सोडवणारा कॅलक्युलिक्स सॉल्व्हर आहे, तो म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्समधल्या इंजिनिअरांनी लिहिलाय, म्हणजे फुकट आहे म्हणून कच्चा नाही.

पण फ्रेम लगेच टाकू नका, आधी सॉफ्टवेअरमध्ये एक स्टीलची पट्टी करा. ३०० मिमी लांब, २५ रुंद, ३ जाड, एक टोक फिक्स. हिचं उत्तर हाताने काढता येतं: ०.१६२ गुणिले जाडी, भागिले लांबीचा वर्ग, गुणिले ५१७० (हा स्टीलचा आकडा), सगळं मीटरमध्ये. येतात साधारण २८ हर्ट्झ. आता सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी स्टेप (नॅचरल फ्रिक्वेन्सी काढणारा रन) लावून पहिले तीन मोड, म्हणजे हलण्याचे प्रकार, मागा, २८, १७५ आणि २३० च्या आसपास यायला हवेत.

नाही आले तर आधी डेन्सिटी बघा, दहातल्या नऊ चुका इथेच होतात असं माझं तरी मत झालंय. मिमी आणि न्यूटनमध्ये काम करताना वजन टनात जातं, म्हणून स्टीलची डेन्सिटी ७.८५ई-९ (७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात) टाकायची. कुणी किलोच्या हिशोबाने ७.८५ई-६ टाकली तर २८ च्या जागी ०.८८ दिसतं, आणि सॉफ्टवेअर एक शब्दही बोलत नाही!

पट्टी जुळली की फ्रेम घ्या. मोटर ड्रॉ करत बसायची गरज नाही, तिचं वजन तिच्या सेंटरला पॉइंट मास (एका बिंदूवरचं वजन) म्हणून द्या, ६० किलोची मोटर म्हणजे ०.०६ टन. फिक्स करताना खालचा सगळा पृष्ठभाग धरू नका, फक्त बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग धरा, नाहीतर फ्रेम आहे त्यापेक्षा कडक होते. मेशमध्ये, म्हणजे मॉडेलच्या छोट्या तुकड्यांच्या जाळीत, सेकंड ऑर्डर एलिमेंट (कडांच्या मध्येही बिंदू असलेले तुकडे) ठेवा, मग मेश निम्म्या साइजचा करून परत रन करा, आकडा फारसा हलला नाही तर पुढे जा. एखादा मोड शून्याजवळ आला तर कुठला तरी पार्ट जोडलेलाच नाहीये. आणि मोडच्या चित्रात डिफ्लेक्शन १०० मिमी दिसलं तरी घाबरू नका, तिथे फक्त आकार खरा असतो, आकड्याला अर्थ नाही.

आता खरं मोजमाप. मोटर बंद ठेवा, मोबाइलवर फायफॉक्स घ्या, आखेन विद्यापीठाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर ते दाखवणारा आलेख) चालू करा, फोन फ्रेमला घट्ट टेप करा आणि लाकडी हातोड्याने एक ठोका द्या. फोन सेकंदाला २०० रीडिंग घेत असेल तर १०० हर्ट्झपर्यंतच दिसतं, आपल्या कामाला तेवढं पुरतं. पट्टीवर मात्र फोन लावू नका, मी लावला होता, पट्टी पावणेदोनशे ग्रॅमची आणि फोन २०० चा, २८ चे थेट १२ झाले आणि अर्धा दिवस मी मॉडेलमध्ये चूक शोधत बसलो. जड फ्रेमवर फोनच्या वजनाने काही फरक पडत नाही. मोजलेला आकडा मॉडेलपेक्षा थोडा कमी येणं नॉर्मल आहे कारण खालचं फाउंडेशन कधीच पूर्ण कडक नसतं.

२४ च्या आगेमागे २० टक्क्यांत, म्हणजे १९ ते २९ मध्ये एखादा मोड पडला तर फ्रेम बदलायला हवी. किती हलेल ते बघायचं तर कॅलक्युलिक्सचं स्टेडी स्टेट डायनॅमिक्स (सतत हलवत राहिल्यावर किती हलतं ते काढणारा रन) वापरा, १० ते ६० हर्ट्झ, आणि डॅम्पिंग, म्हणजे थरथर शमवण्याची क्षमता, द्यायला विसरू नका. १ टक्का दिलं तर रेझोनन्सला (स्पीड आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी जुळल्यावर) हालचाल तेवढ्याच स्थिर जोराने होते त्याच्या ५० पट, २ टक्के दिलं तर २५ पट, म्हणून दोन्ही रन करून बघा.

बदल करताना फॅब्रिकेटर पहिलं सांगतो जाड प्लेट मारू, पण जाडीबरोबर वजनही वाढतं. त्याआधी मोडचं अ‍ॅनिमेशन नीट बघा, फ्रेम ज्या बाजूला झुकतेय त्याच बाजूला तिरका अँगल टाका, मॉडेल परत रन करा, आकडा २९ च्या वर गेला तरच वेल्डिंग करा, आणि वेल्डिंग झाल्यावर मोटर चालू करायच्या आधी तोच फोन त्याच जागी लावून परत एक ठोका द्या.