पुढे झुकलेले खांदे : आधी काय सैल करावे, मग कशात बळ आणावे

चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी पुढे झुकलेल्या खांद्यांमागचा एक ठरावीक साचा दाखवून दिला : छातीचे आणि मानेपासून खांद्यावर उतरणारे स्नायू आखडतात, तर मानेच्या पुढचे खोल स्नायू आणि फऱ्याच्या हाडाला (खांद्यामागच्या चपट्या, त्रिकोणी हाडाला) खाली धरून ठेवणारे स्नायू दुबळे पडतात. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांत तो दिसतो, तसाच व्यायामशाळेत केवळ बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलण्यावर, भर देणाऱ्यांतही दिसतो. आखडलेली छाती खांदे पुन्हा पुढे ओढतच राहते, म्हणून नुसते ‘ताठ बस’ म्हणून भागत नाही.

सुरुवात छातीपासून करावी. दाराच्या चौकटीला कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवून एक पाय पुढे टाकावा आणि ताण छातीत जाणवेल इतकेच झुकून ३० सेकंद थांबावे. खांद्याच्या पुढच्या टोकाशी टोचू लागले, तर कोपर थोडे खाली घ्यावे.

यापुढचा व्यायाम सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच घाईघाईने उरकला जातो. कपाळाखाली टॉवेलची घडी ठेवून पालथे झोपावे, हात डोक्यापलीकडे तिरके पसरावेत आणि अंगठे छताकडे ठेवावेत. आता फरे कमरेच्या दिशेने सरकवत हात जमिनीपासून चारच बोटे उचलावेत, तीन सेकंद धरावेत आणि सावकाश टेकवावेत; असे आठ-दहा वेळा करावे. खांदे कानांकडे चढू लागले, तर मानेजवळच्या स्नायूंनी काम बळकावले असे समजून कोपरे वाकवावीत. या टप्प्यावर हातात वजन घेण्याची घाई करू नये.

त्यानंतर भिंतीवर तळवे टेकवून, कोपरे न वाकवता, भिंत दूर ढकलावी, म्हणजे फरा बरगड्यांना चिकटवून ठेवणारा स्नायू जागा होतो. जोर मारणाऱ्यांनी आणि बेंच प्रेस करणाऱ्यांनी काही महिने ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे रबरी पट्ट्याने ओढण्याचे दोन सेट करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एक बाजू दुबळी असेल, तर सुरुवात तिच्यापासून करावी आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच आवृत्त्या कराव्यात. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल किंवा रात्री खांदा ठणकत असेल, तर मात्र व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.