कायटोसान-अल्जिनेटच्या आयआरमध्ये १६४० चा फुगवटा: माझा अनुभव

लक्षण असं: पावसाळ्यात कायटोसान (कोळंबीच्या कवचापासून बनणारा पॉलिमर) आणि सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पॉलिमर) यांच्या मिश्रणाचा आयआर म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम काढला की ३४०० सेमी⁻¹ (तरंगसंख्या) ला भलामोठा पट्टा आणि १६४० ला फुगवटा. त्यात अल्जिनेटचा १६०० जवळचा कार्बोक्सिलेट (COO⁻) गटाचा पीक बुडून जातो. १६४० म्हणजे मुख्यतः पाण्याचंच कंपन.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात. श्रावणात केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात नमुना घोटून दाबतात) गोळी पापडासारखी सादळते, दाबून काढेपर्यंत धुरकट. केबीआर ओव्हनमध्ये तापवून पाहिलं, स्कॅन वाढवले, बेसलाइन दुरुस्त केली, फरक शून्य. पार वैताग आला. शिवाय आयनिक पॉलिमर केबीआरसोबत घोटला की सोडियमच्या जागी पोटॅशियम येऊन पीक सरकू शकतो, म्हणून केबीआर सोडूनच दिला.

जमलं ते या क्रमानं. मिश्रणातून खाली बसलेला साका डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, धुवणाचा पीएच स्थिर होईस्तोवर. नाहीतर कायटोसान विरघळवायला वापरलेल्या ॲसिटिक ॲसिडमधला ॲसिटेट १५६० आणि १४१० ला येऊन फसवतो. मग ५० अंशांवर व्हॅक्युम ओव्हनमध्ये वाळवा आणि निळ्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं) ठेवा. जेल गुलाबी झालं असेल तर आधी ते भाजा. केबीआरऐवजी एटीआर वापरा, म्हणजे गोळी न करता नमुना थेट हिऱ्यावर दाबून मोजायची जोडणी. तिचा हिरा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण सुकू द्या, लगेच बॅकग्राउंड (रिकाम्या हिऱ्याचा स्पेक्ट्रम) घ्या. नमुना डेसिकेटरमधून काढून तडक दाबा, ४ सेमी⁻¹ रिझोल्यूशनला ३२ स्कॅन. पुन्हा वाळवून दुसरा स्पेक्ट्रम घ्या. दोन्ही एकावर एक बसेपर्यंत हेच. ३४०० चा पट्टा पूर्ण जात नाही, पॉलिमरचे स्वतःचे ओएच तिथेच असतात. १९०० ते २३०० मध्ये हिराच शोषतो, तिकडे बघूच नका.

आता १६०० वेगळा दिसतो, आणि १५३० च्या आसपासचा प्रोटोनेटेड अमाइनचा (NH₃⁺) खांदाही, म्हणजे पीकच्या कडेचा छोटा उंचवटा.