सार्वजनिक बांधकामांच्या नस्त्या क्लाउडवर नेताना: नाशिकमधील कार्यालयांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये बांधकामाच्या कागदपत्रांना बारा वर्षांचे चक्र आहे. २०१५ च्या सिंहस्थासाठी झालेल्या घाटांच्या आणि रस्त्यांच्या कामांची अंदाजपत्रके, नकाशे व मोजमापे २०२७ च्या सिंहस्थाची कामे आखताना पुन्हा हाती घ्यावी लागतात, आणि तोवर ती कामे करून घेणारे बहुतेक अभियंते बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. म्हणून ज्याने ते काम कधी पाहिलेले नाही, अशा अधिकाऱ्याला नस्ती (त्या कामाची फाइल) सापडते का आणि सापडल्यावर तिचा अर्थ लागतो का, हीच या स्थलांतराची खरी कसोटी आहे. त्यातच २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर अभिलेख ठेवणाऱ्या कार्यालयांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

स्कॅनर मागवण्याआधी सूची करावी. आपल्या कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत (कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची पद्धत) आणि अभिलेखांचे जतनाच्या मुदतीनुसार अ, ब, क, ड असे वर्गीकरण आहेच. ते आधी अद्ययावत करून घेतले नाही, तर मुदत संपलेल्या कागदांच्या स्कॅनिंगवर पैसा जातो आणि कायमस्वरूपी जपायची नस्ती मात्र कपाटात राहून जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे आणि योग्य ते अभिलेख संगणकीकृत करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे ही सूची दुहेरी उपयोगाची ठरते.

सूचीचा एकक नस्ती नसावा, करारनामा असावा, असे माझे ठाम मत आहे. एकाच कामाची प्रशासकीय मान्यता एका शाखेत, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक दुसऱ्या शाखेत, चाचणी अहवाल उपविभागात आणि देयके लेखा शाखेत असतात. त्यांना जोडणारा कायमचा दुवा म्हणजे करार क्रमांक व वर्ष. कार्यारंभ आदेश, मुदतवाढ, जादा बाबींची मंजुरी, पूर्णत्वाचा दाखला हे सारे त्या एका क्रमांकाखाली यावे. फाइलच्या नावात योजनेचा संकेतांक, करार क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, अनुक्रम आणि आवृत्ती एवढेच असावे. ठेकेदाराचे किंवा अधिकाऱ्याचे नाव त्यात घालू नये.

आरंभ सर्वांत जुन्या गठ्ठ्यापासून करण्याचा मोह टाळावा. नुकतीच पूर्ण झालेली आणि दोष दायित्व कालावधीत (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत) असलेली कामे आधी घ्यावीत, कारण त्यांचे कागद पूर्ण असतात, शंका विचारायला माणसे उपलब्ध असतात आणि त्या कागदांची गरजही लवकर पडते. चालू कामाचे स्थलांतर एखादे देयक मंजुरीच्या वाटेवर असताना करू नये. ते देयक अदा झाल्यानंतरची तारीख ठरवून तेथून पुढचे दस्तऐवज नव्या प्रणालीतच तयार व्हावेत. लवादात, न्यायालयात किंवा लेखा आक्षेपात अडकलेल्या नस्त्या सर्वांत शेवटी घ्याव्यात.

मोजमाप पुस्तिका

सर्वाधिक काळजी मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापे नोंदवायच्या वहीची, घ्यावी लागते, कारण ठेकेदाराला दिलेल्या प्रत्येक रुपयाचा आधार तीच असते. तिचे पान जवळून पाहिले म्हणजे ते कसे स्कॅन करावे हे आपोआप कळते. पानावर छापील क्रमांक असतो, शाखा अभियंत्याने घेतलेली लांबी, रुंदी व उंची असते, उपअभियंत्याच्या तपासणीची नोंद व सही असते, आणि देयक अदा झाले की त्या मोजमापांवर लाल शाईने तिरकी रेघ मारलेली असते. ही पुस्तिका कृष्णधवल स्कॅन केली, तर लाल रेघ आणि निळी शाई एकसारखीच काळी दिसते आणि कोणते मोजमाप अदा झाले हे ओळखणे अवघड होते. म्हणून ती रंगीतच, किमान ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करावी. कोरी पाने वगळू नयेत. पान फाडलेले नाही याचा पुरावा पानांच्या अखंड क्रमातच असतो. हस्ताक्षरातील मराठी व आकडे ओसीआरला (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या संगणक प्रणालीला) भरवशाने वाचता येत नाहीत, त्यामुळे पुस्तिका क्रमांक, पान क्रमांक आणि देयक क्रमांक यांची सांगड माणसानेच भरावी. वेळखाऊ असले तरी माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील हे सर्वांत मोलाचे काम आहे.

नकाशांचे गणित वेगळे आहे. ए-शून्य आकाराचा नकाशा ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा असतो. तो ३०० डीपीआयवर घेतला की सुमारे १४ कोटी पिक्सेल होतात आणि रंगीत प्रत संकुचित न करता ठेवल्यास तिचा आकार ४०० एमबीच्या पुढे जातो. त्यामुळे तपशील न गमावणारे संकुचन वापरावे, आणि मूळ कॅड फाइल (संगणकावर काढलेला नकाशा) उपलब्ध असेल तर तीही सोबत ठेवावी. रद्द झालेला नकाशा काढून टाकू नये, त्यावर तशी नोंद करावी. प्रत्यक्ष बांधकामानुसार केलेला अंतिम नकाशा मात्र शोधात सर्वांत वर यायला हवा. दमट हवेत ट्रेसिंग कापड आणि जुन्या कागदांचा आकार बदलतो व ते लाटांसारखे वाकतात, म्हणून नाशिकच्या पावसाळ्यात नकाशांचे स्कॅनिंग न ठेवता ते हिवाळ्यात उरकावे.

जुन्या संगणकांतील मराठी टिपण्या व अंदाजपत्रके बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती अक्षरे वाचता येत नाहीत आणि शोधातही सापडत नाहीत. मूळ फाइल तशीच ठेवून तिची युनिकोड प्रत आणि दीर्घकालीन जतनासाठीची पीडीएफ-ए प्रत करावी.

सेवा निवडताना

इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या सूचीतील सेवापुरवठादारच घ्यावा आणि माहिती भारतातील केंद्रांतच राहील, ही अट करारात लिहावी. त्याहून अधिक दुर्लक्षित राहते ती बाहेर पडण्याची अट. करार संपल्यावर केवळ फाइली परत मिळून उपयोग नाही; सूची, आवृत्त्यांचा इतिहास आणि कोणी काय पाहिले, काय बदलले याची नोंद खुल्या स्वरूपात परत मिळेल, हे निविदेतच नमूद असावे.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा संकेतांक) काढून ठेवावे आणि क्लाउडवर पोहोचल्यावर ते पुन्हा जुळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते, त्यामुळे ही नोंद पुढे न्यायालयातही कामी येते. दोन टेराबाइट माहिती १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) वेगाने चढवायला अखंड साडेअठरा दिवस लागतात, हे लक्षात घेऊन वेळापत्रक आखावे आणि एक प्रत कार्यालयाबाहेर, पुराच्या पातळीपासून दूर ठेवावी.

प्रवेशाचे अधिकार पदाला जोडावेत, पण प्रत्येकाचे लॉगिन त्याच्या स्वतःच्या नावाचे असावे. एकच पासवर्ड सगळ्या शाखेत फिरू लागला की कोणत्याही नोंदीची जबाबदारी ठरवता येत नाही. बदली होताच जुने अधिकार बंद करणे आणि डिजिटल नस्त्यांची यादी कार्यभार हस्तांतरणाच्या कागदात जोडणे, हे कार्यकारी अभियंत्यांनी लेखी आदेशाने बंधनकारक करावे.

स्कॅन पूर्ण झाले म्हणून मूळ कागद नष्ट करू नयेत. स्कॅन ही मूळ कागदाची प्रत असते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ व वर्गीकरणाच्या मुदती पाळूनच, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीने आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंद ठेवून मूळ कागद नष्ट करता येतात. मोजमाप पुस्तिका व मूळ करारनामे वेगळ्या पेट्यांत, पेटी क्रमांक क्लाउडवरील सूचीत लिहून, कोरड्या जागी ठेवावेत.