महागडा एअर फिल्टर घेण्याआधी
गॅरेजवर येणारी तरुण मंडळी हमखास विचारतात, ‘कॉटनचा महागडा फिल्टर टाकला तर गाडी जास्त पळेल का?’ रोजच्या वापरातल्या गाडीत फरक जाणवण्याइतका नाही. कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर इंजिनाला लागते तेवढी हवा मिळतेच. मायलेजचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासलं, तर फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबूनही मायलेज जवळपास तेवढंच राहिलं. पिकअप मात्र पडला.

म्हणून आधी जुना फिल्टर काढून उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊ नका. नवा बसवण्याआधी फिल्टरचा डबा आतून ओलसर फडक्याने पुसा आणि फिल्टरची रबरी कड डब्याच्या खाचेत सगळीकडून बसली का, ते बोट फिरवून पाहा. माझ्या मते सगळं काम इथेच आहे. फट राहिली की उसाच्या शेतरस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते.

कॉटनचाच हवा असेल तर धुतल्यावर तो पूर्ण वाळू द्या, धूळ धरण्यासाठी त्याला लावतात ते तेल बेतानेच लावा. जास्त झालेलं तेल आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी अडखळायला लागते.