घडी उघडण्याआधी विचारा

उत्तरायण संपलं की वडोदऱ्यात गच्च्यांवर फाटके पतंग पडलेले असतात. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी ते जपून ठेवते. पतंगाच्या कागदावर घडी छान बसते आणि आतली कड आरपार दिसते. सहा वर्षांच्या मुलांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना मी त्याच कागदावर भूमिती शिकवते. घडी सगळ्यांना एकच, प्रश्न मात्र वयाप्रमाणे बदलायचा.

आधी १५ सेंटीमीटरचे चौरस कापून ठेवा. लहानांच्या हाती कात्री नको, कडा तिरक्या झाल्या की पुढचं सगळं फसतं.

चौरस तीनदा निम्मा करायला सांगा. उघडण्याआधी विचारा, "किती भाग दिसतील?" एका चिमुरडीने सहा सांगितले, उघडून आठ मोजले आणि न बोलता पुन्हा घडी घालायला बसली. अशा वेळी आपण गप्प राहावं. शेजारच्या काकूंना मात्र लगेच उमगलं: नऊवारी पाच वेळा दुमडली की बत्तीस पदर!

मग खरी गंमत. चौरसाच्या वरच्या कडेचा मध्य चिमटीने दाबून खूण करा. खालचा उजवा कोपरा उचलून बरोब्बर त्या खुणेवर टेकवा आणि घडी नखाने घोटा. कोपरा केसभरही सरकू देऊ नका. आता खालची कड तिरकी होऊन डाव्या कडेला छेदते. तिथे पेन्सिलीने टिंब द्या, कागद उघडा. टिंबाखाली डाव्या कडेचा नेमका एक तृतीयांश भाग उरतो! जपानचे जीवशास्त्रज्ञ काझुओ हागा यांच्या नावाने ही घडी ओळखली जाते.

लहानांनी तो तुकडा कडेवर तीनदा ठेवून पाहावा. आठवी-नववीच्या मुलांना कारण शोधू द्या. घडी मिटलेली असताना वर उजवीकडे काटकोन त्रिकोण दिसतो. चौरसाची बाजू ८ धरली तर या त्रिकोणाची एक बाजू ४. दुसरी क्ष मानली, तर कर्ण ८ − क्ष, कारण उजवी कडच तिथे दुमडली आहे. पायथागोरस लावा: क्ष = ३, कर्ण ५. डावीकडचा त्रिकोण त्याच्याशी समरूप आहे. तो का, हे मी कधीच सांगत नाही.

ज्यांचं लवकर होईल त्यांना मध्याऐवजी उजवीकडून पाव अंतरावर खूण करायला लावा. डाव्या कडेवर वरून दोन पंचमांश मिळतात.