वुल्फ कट घरी करायचाय? कात्री उचलायच्या आधी हे वाचा

रील्सवर सारखा दिसणारा तो झिपऱ्या-झिपऱ्यांचा कट, वर फुगलेला, कपाळावर बटा आणि मागे मानेवर पातळ लांब शेपट्या, तो वुल्फ कट. शॅग (वरपासून खालपर्यंत कमी-जास्त लांबीचे थर, म्हणजे लेअर्स, असलेला विस्कटलेला कट) आणि मलेट (पुढे आखूड, मागे लांब) या दोन जुन्या कट्सचं मिश्रण आहे ते. त्यातला शॅग १९७१ च्या सुमारास हॉलिवूडची नटी जेन फोंडाने गाजवला, न्यूयॉर्कच्या पॉल मॅकग्रेगर या हेअरड्रेसरने कापलेला. वुल्फ कट मात्र दक्षिण कोरियाच्या सलूनमधून आला आणि २०२१ मध्ये टिकटॉकवर असा पेटला की लॉकडाऊनमध्ये बसलेल्या पोरी बाथरूमच्या आरशासमोर स्वतःच कापायला लागल्या. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० लाच बंद झालेलं, म्हणून आपण हे सगळं रील्स आणि शॉर्ट्सवर बघितलं.

आधी आपले केस कसे आहेत ते बघा, माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. केस वेव्ही असतील तर हा कट तुमच्यासाठीच आहे, धुवून नुसते सुकू दिले तरी छान दिसतो. एकदम सरळ आणि पातळ केस असतील तर लेअर्स डोक्याला चिकटून बसतात आणि खालची टोकं विरळ दिसतात, मग रोज ब्लो ड्राय करायची तयारी ठेवा. कुरळे असतील तर मस्त दिसतं, पण कोरडेच कापा, कारण ओले कुरळे केस सुकल्यावर बरेच वर चढतात आणि हनुवटीपर्यंत ठेवलेली बट नाकाशी येऊन थांबते.

आता ती पोनीटेलची पद्धत, जी सगळ्या व्हिडिओंमध्ये दाखवतात. केस धुवून पूर्ण कोरडे करा, गुंता काढा. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूच्या मागून भांग पाडा, खालचा अर्धा भाग मागे क्लिप लावून बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. वरचे सगळे केस पुढे विंचरून कपाळाच्या मधोमध, जिथे केस सुरू होतात अगदी तिथे, रबरबँडने घट्ट बांधा. पोनी जरा जरी वाकडी बांधली गेली तर दोन्ही बाजू कमी-जास्त होतात, म्हणून आरशात नीट बघून घ्या.

कुठे कापायचं हे नजरेने ठरवू नका, टेप घ्या. रबरबँडपासून जिथे कापाल तेवढी तुमची सगळ्यात पुढची बट होणार. कपाळाच्या केसांपासून हनुवटी साधारण १८ सेंमी असते, तुमची मोजून घ्या आणि त्याच्या २ सेंमी खाली दुसरा रबरबँड लावा. मागचे केस डोक्यावरून फिरून पुढे आलेले असतात ना, म्हणून तेवढे ते जास्त लांब राहतात आणि लेअर्स आपोआप पडतात. त्या दुसऱ्या रबरबँडच्या लगेच खाली कापायचं. कापताना कात्री आडवी चालवू नका, टोक वर करून उभी धरा आणि थोडं थोडं टोचत कापा, आडवं कापलं की एक जाड रेघ पडते आणि ती लपत नाही. कात्री केस कापायचीच हवी, ऑनलाइन स्वस्तात मिळते, किचनमधली बोथट कात्री केस चावते आणि टोकं फुटतात.

हे केल्यावर जे मिळेल ते वुल्फ कटचं सौम्य रूप असेल हेही सांगून ठेवते. खऱ्या कटमध्ये टाळूवरचे केस सरळ वर उचलून बरेच छोटे कापतात, ते स्वतःच्या डोक्यावर स्वतः करू नका प्लीज, त्यासाठी पार्लर. तिथे नुसतं "वुल्फ कट" म्हणून बसू नका, आपल्यासारखेच केस असलेल्या मुलीचा फोटो दाखवा, वरचा सगळ्यात छोटा लेअर कुठपर्यंत हवा ते चेहऱ्यावर बोट ठेवून सांगा, पहिल्या वेळी हनुवटीच्या वर जाऊ देऊ नका. केस फ्रिझी असतील तर रेझर नको म्हणून आधीच सांगा, रेझरने टोकं अजून पिंजारतात.

नंतरचं सोपं आहे. तेल केस धुवायच्या आधी लावा, नंतर लावलं की सगळा फुगवटा बसतो. ओल्या केसांना अळशीचं जेल किंवा मूस (केसांना लावायचा फेस) लावून मुठीत चुरगाळा आणि सोडून द्या. स्कूटरवरून उतरल्यावर हेल्मेटने टाळू चपटी झाली असेल तर डोकं खाली घालून मुळांना थोडं पाणी लावा, बोटांनी हलवा. आणि घरात लग्न असेल तर कट लग्नानंतरच करा, कारण वेणीतून आणि अंबाड्यातून छोटे लेअर्स सगळीकडून बाहेर येतात, गजरा माळायला पिना पुरत नाहीत.

केस महिन्याला जेमतेम १ ते सव्वा सेंमी वाढतात, म्हणजे हनुवटीची बट खांद्यापर्यंत यायला आठ-दहा महिने धरा. वाढवायचेच असतील तर त्या काळात पुढे कात्री लावू नका, फक्त मागच्या शेपट्या दोन-अडीच महिन्यांनी थोड्या कापत राहा.